गुळवेल: ओळखीपासून सत्त्वापर्यंत, क्रमानं

गुळवेल सहजासहजी मरत नाही. तोडून भिंतीवर टाकलेली कांडी महिन्याभरात कोंब काढते. तारेला अडकलेला तुकडा हवेतच मुळ्या सोडतो. संस्कृतात तिला छिन्नरुहा म्हणतात, म्हणजे तोडली की उगवणारी. आणि सगळा घोळ इथंच होतो. काहीही केलं तरी जगते म्हटल्यावर माणसं तिला कशीही लावतात, कधीही तोडतात, कशीही वाळवतात. वेल जगते, पण हाताला लागतात बुरशी धरलेल्या कांड्या, खळीसारखं चिकट झालेलं सत्त्व (कांडीतून काढून वाळवलेली पिठूळ पूड), नाहीतर भलतीच वेल.

खालचा क्रम कोल्हापूर जिल्ह्याच्या हवामानाला धरून लिहिला आहे. आपल्याकडं गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो आणि शिरोळला पाचशे-सहाशेवर भागतं. त्यामुळं एकच तारीख दोघांना चालत नाही. जिथं फरक पडतो तिथं तसं सांगितलं आहे.

वर्षाचं गणित आधी मांडा

बहुतेकांची पहिली चूक महिन्याची असते. पावसाळ्यात वेल हिरवीगार, लुसलुशीत दिसते म्हणून तेव्हाच तोडतात. त्या वेळी कांडीत पाणी जास्त आणि पिठूळ भाग कमी असतो. थंडीत पानं पिवळी पडून गळतात. मग ती कळकट, दोरखंडासारखी दिसायला लागते आणि कुणी तिच्याकडं बघत नाही. खरं तर काढणीचा काळ तोच.

म्हणजे ढोबळ क्रम असा: पावसाळ्यात ओळख पटवून वेलीला खूण बांधायची, मृगाच्या आसपास कांड्या लावायच्या, लागणीनंतर दुसऱ्या वर्षी पानगळ झाल्यावर काढणी, आणि वळीव सुरू व्हायच्या आत वाळवण आणि सत्त्व उरकायचं. एप्रिलमध्ये अंगणात कांड्या पसरल्या आणि चारच्या सुमाराला पन्हाळ्याच्या बाजूनं आभाळ भरून आलं, की काय धावपळ होते ते सांगायला नको.

## १. आधी ओळख, मग विळा

ही पायरी लोक गाळतात. "आमच्या कुंपणावर आहे की" एवढ्यावर काम भागवतात. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाचा आक्षेप असा होता, की त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती हे पडताळलंच गेलं नाही. पुढं मंत्रालयानं टिनोस्पोरा क्रिस्पा या दुसऱ्या जातीपासून सावध राहायला सांगितलं. आपली गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. वादात कोण बरोबर हे बाजूला ठेवू. तुमच्या हातातली वेल कोणती, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

पानं असताना बघायच्या खुणा:

- पान बदामाच्या आकाराचं, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. पाठीवर बोट फिरवलं तर लव लागत नाही.
- देठ लांब, दोन्ही टोकांना किंचित फुगीर, आणि बुडाशी पीळ दिल्यासारखा वळलेला. ही खूण फार कामाची आहे आणि फार कमी जण बघतात.
- जुन्या कांडीवर राखाडी, कागदासारखी पातळ साल. नखानं खरवडली की आत हिरवंगार.
- वरच्या फांद्यांवरून खाली लोंबणाऱ्या दोऱ्यांसारख्या बारीक मुळ्या.
- फळं वाटाण्याएवढी, पिकल्यावर लाल. मात्र नर आणि मादी वेली वेगळ्या असतात, त्यामुळं नर वेलीवर फळ शोधत बसू नका.

आता कांडी आडवी कापा. आत सायकलच्या चाकासारख्या आऱ्या दिसतात. म्हणून तिला चक्रलक्षणा असंही नाव आहे. पण चक्र दिसलं म्हणजे गुळवेलच, हे अर्धंच खरं. तिच्या कुळातल्या दुसऱ्या वेलींच्या कापातही असं चाक दिसू शकतं. चक्राला पानाची साक्ष लागते.

गफलत कुणाकुणाशी होते:

अमरवेल. गुळवेलीला अमृतवेलही म्हणतात. नावाच्या सारखेपणामुळं अमृतवेल आणि अमरवेल यांची अदलाबदल होते. अमरवेल म्हणजे झुडपांवर पसरलेलं पिवळ्या दोऱ्यांचं, पानं नसलेलं जाळं. ती दुसऱ्याच्या जिवावर जगते. गुळवेल झाडाचा फक्त आधार घेते, तिची मुळं जमिनीत असतात.

वासनवेल. कोवळी पानं मखमलीसारखी लवदार, कांडी बारीक.

पहाडवेल. हिच्या पानाचा देठ पानाच्या काठाला न जुळता थोडा आत, पाठीवर जुळतो. छत्रीच्या दांड्यासारखा.

कडू करांदा. पान बदामी, म्हणून नवखे फसतात. पण पानाच्या बेचक्यात बटाट्यासारखे करांदे लागतात आणि पावसाळा संपला की वेल सुकून जाते. गुळवेल वर्षानुवर्षं जाड होत राहते.

गुळवेलीच्याच दोन बहिणी. टिनोस्पोरा सायनेन्सिसच्या कोवळ्या फांद्यांवर आणि पानाच्या पाठीवर लव असते. टिनोस्पोरा क्रिस्पाच्या खोडावर मोठ्या, दाटीनं आलेल्या गाठी असतात, कारल्याच्या पाठीसारख्या. मी एकदा एका नर्सरीतून "औषधी गुळवेल" म्हणून पिशवी आणली. वर्षभरानं खोडावर असे टेंगळांचे थर चढले. तोवर शेजारच्या दोन घरांत तिच्या कांड्या देऊन झाल्या होत्या. परत जाऊन त्या उपटायला सांगताना तोंड लपवायची वेळ आली.

तपासणी: ऑगस्ट-सप्टेंबरात, पानं भरात असताना, खात्री पटलेल्या वेलीच्या बुडाला रंगीत सुतळी बांधा. जानेवारीत पानं नसतात आणि अंदाजानं तोडणी होते. शंका असेल तर पान, देठ आणि कांडीचा तुकडा घेऊन वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराला दाखवा. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचं उद्यान आपल्याच शहरात आहे. फोटो पाठवून ओळख विचारायची असेल तर पानाची पाठ आणि देठाचं बूड यांचा फोटो हवाच, नुसत्या हिरव्या गर्दीचा उपयोग नाही.

## २. मूळ वेल कुठली घ्यायची

राधानगरी अभयारण्यातून काडीही आणायची नाही, तो कायद्यानं गुन्हा आहे. वनखात्याच्या इतर हद्दीतही परवानगीशिवाय हात लावू नका. गुळवेल आज मुबलक आहे म्हणून हे बोलणं अतिरेकी वाटेल. पण नरक्यासुद्धा घाटात मुबलक होता. औषधासाठी मागणी आली आणि झाडं बुंध्यापासून तोडली गेली. गुळवेल एका कांडीवर वाढत असताना तिच्यासाठी जंगलात जायचं कारणच नाही.

गावातली, बांधावरची, देवळामागची वेल शोधा. मालकाला विचारून प्रत्येकीची थोडीच कांडी घ्या. सगळ्या कांड्या एकाच वेलीच्या घेतल्या तर सगळी रोपं एकाच वेलीच्या नकला होतात. मूळ वेल नर असेल तर अख्ख्या बागेत एक फळ लागणार नाही. चार-पाच ठिकाणच्या वेली मिसळा.

मूळ वेल निदान एक-दोन वर्षांची, निरोगी असावी. निंबावर चढलेली गुळवेल औषधाला उत्तम अशी परंपरेनं मान्यता आहे. असेल तर घ्या, नसेल तर अडून बसू नका. काजऱ्यासारख्या विषारी झाडावर चढलेली मात्र घ्यायची नाही, ही जुन्या जाणत्यांची ताकीद पाळलेली बरी. हायवेच्या कडेची आणि सांडपाण्याच्या गटारीवरचीही नको.

खबरदारी: उसाच्या बांधावरची वेल घेण्याआधी त्या शेतात तणनाशक कधी मारलं ते विचारा. आपल्याकडं उसात टू-फोर-डी सर्रास फवारतात. ऊस गवतवर्गीय असल्यानं तगतो, पण रुंद पानांच्या वेलीवर त्याची झुळूक जरी आली तरी पानं कपासारखी वळतात, शेंडे वाकडे होतात. अशी वेल ना बेण्याला घ्यायची, ना औषधाला.

## ३. कांड्या तोडणं

इथं ऊस लावणाऱ्या माणसाचा हात चुकतो. उसाची टिपरी सरीत आडवी जाते, त्यामुळं वर-खाली हा प्रश्नच येत नाही. गुळवेलीची कांडी उभी लावतात. पानं नसलेल्या कांडीचं डोकं कुठलं आणि पाय कुठले हे तोडल्यावर कळत नाही. उलटी लावलेली कांडी काही दिवस हिरवी राहते, एखादा अशक्त कोंबही काढते, आणि मग बसून जाते. लोक म्हणतात, "आमच्या मातीत गुळवेल येत नाही."

क्रम असा ठेवा:

१. विळा किंवा कात्री धार लावून, पुसून घ्या. बोथट हत्यारानं कांडी चेंगरते आणि तिथूनच कुजते.

२. पेन्सिलीपेक्षा जाड आणि अंगठ्यापर्यंतची कांडी निवडा. शेंड्याकडची कोवळी, हिरवी नको.

३. १५ ते २० सेंटिमीटरचे, दोन-तीन डोळ्यांचे (जिथून कोंब फुटतो त्या जागांचे) तुकडे करा. वेलीवर असतानाच ठरवा: बुडाकडचा काप तिरका, शेंड्याकडचा काप सरळ. तिरका म्हणजे जमिनीत. एवढा एक नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवला की गोंधळ संपतो.

४. जुडी करून सावलीत ओल्या गोणपाटावर ठेवा. कापाचं तोंड दोन-तीन तास सुकू द्या, पण लागण २४ तासांच्या आत उरका. पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायची गरज नाही.

तपासणी: पिशवीत घालण्याआधी जुडीतली प्रत्येक कांडी नखानं खरवडा. आत हिरवं नसेल, तपकिरी असेल तर टाका.

## ४. पिशवीत लागण

पिशवीत दोन भाग तांबडी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग वाळू घ्या. हातकणंगले, शिरोळकडची काळी माती एकटी वापरू नका. पावसात ती चिखलाचा गोळा होते आणि कांडीचं बूड सडतं. पिशवीला खाली-बाजूला मिळून आठ-दहा छिद्रं हवीत. विकत आणलेल्या पिशव्यांना चार असतात, बाकीची दाभणानं पाडा.

एक डोळा मातीत, निदान एक वर. बाजूची माती बोटांनी दाबून पोकळी काढा. पाणी द्या आणि पिशव्या झाडाखाली ठेवा.

वेळ: पूर्वेकडच्या तालुक्यांत मृगाचा पहिला पाऊस जिरला की लागण करा. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, आजऱ्याकडं मात्र जुलैची झड कांडीला मानवत नाही. तिकडं मेच्या शेवटच्या आठवड्यात पिशव्या भरून पाणी घाला आणि जुलैच्या सुरुवातीचा तरणा पाऊस लागायच्या आत त्या पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या छपराखाली आणा.

आता सगळ्यात जास्त लोक ज्यात फसतात ती गोष्ट. दोन-तीन आठवड्यांत कांडीला पोपटी पानं फुटतात. आनंद होतो, लगेच रोप जमिनीत जातं, आणि आठ दिवसांत मान टाकतं. पानं आली म्हणजे मुळ्या आल्या असं नसतं. कांडीत स्वतःचं पाणी आणि पिठूळ साठा असतो, त्यावरच ती पहिली पानं काढते.

तपासणी: कांडी दोन बोटांत धरून अलगद वर ओढा. ती धरून राहिली, पिशवीची माती सोबत हलली, तर मुळ्या आहेत. सहज सरकली तर गुपचूप परत दाबा आणि पंधरा दिवस विसरून जा. साधारण सहा आठवडे धरून चाला.

## ५. जागा आणि आधार

पाणी साचणारी जागा नको. पंचगंगेच्या पूररेषेतली जमीन तर नकोच. २०१९ आणि २०२१ चं पाणी ज्यांनी पाहिलंय त्यांना पाण्याखाली आठवडाभर राहिलेल्या मातीत काय उरतं ते माहीत आहे.

खड्डा दीड फूट लांब-रुंद-खोल, त्यात पाटीभर शेणखत. आधाराच्या झाडापासून खड्डा दीड-दोन फूट लांब घ्या. अगदी बुंध्याला चिकटून लावलं तर झाडाची मुळं रोपाला पाणी मिळू देत नाहीत. मग काठी तिरकी रोवून वेल झाडावर चढवा.

आधाराला निंब उत्तम. शेवगा, गिरिपुष्प, पांगारा चालतो. झाड नसेल तर बांबूचा मांडव करा. दोन वेलींत तीन मीटर अंतर ठेवा. लहान आंब्यावर, पेरूवर, नव्या कलमांवर चढवू नका. गुळवेल झाडाचा रस शोषत नाही, पण शेंडा झाकून ऊन अडवते आणि जाड झाल्यावर फांद्या वजनानं मोडते.

खबरदारी: मोसंबी, संत्री किंवा डाळिंबाची बाग जवळ असेल तर गुळवेल लावूच नका. फळांत सोंड खुपसून रस शोषणाऱ्या पतंगांच्या अळ्या गुळवेलीच्या आणि वासनवेलीच्या पानांवर वाढतात. पतंग रात्री बागेत जातो, फळाला भोक पडतं, फळ सडून गळतं. शेजाऱ्याशी बांधावरून भांडायला आपल्याकडं कारणं काय कमी आहेत?

निगेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी, बुडाशी उसाच्या पाल्याचं आच्छादन, दोन खुरपण्या. रासायनिक खताचा डोस देऊन वेल फुगवू नका. लोंबणाऱ्या मुळ्या घाण दिसतात म्हणून छाटू नका, जमिनीला टेकल्या की त्या वेलीला दुसरा पाय देतात. अळ्या दिसल्या तर हातानं वेचा. जी वेल काढा करून प्यायची आहे तिच्यावर कीटकनाशक मारून काय साधणार?

## ६. काढणी

दुसऱ्या वर्षापासून, पानं गळल्यावर, साधारण जानेवारी ते मार्च. कांडी अंगठ्याएवढी, शक्यतो अडीच सेंटिमीटरपर्यंत जाड झालेली असावी. बारीक कांड्या ठेवून द्या.

जमिनीपासून दीड-दोन फूट खोड सोडून वरची जाड कांडी कापा. वेल मुळासकट ओढायची नाही. सगळी वेल एकदम उतरवायचीही नाही. निम्मी या वर्षी, निम्मी पुढच्या. बागेतली एखादी नर आणि एखादी मादी वेल अजिबात न तोडता ठेवा. लाल फळं बुलबुल खातात आणि बिया लांब नेऊन टाकतात.

तपासणी: पावसाळ्यात बांधलेली सुतळी आहे का? नसेल तर ती वेल या वर्षी सोडा.

तोडलेल्या कांड्यांचे त्याच दिवशी दोन ढीग करा. जाड, रसरशीत कांड्या सत्त्वासाठी, बाकीच्या वाळवणासाठी. सत्त्वाला ओलीच कांडी लागते. वाळवल्यानंतर सत्त्व काढायचा विचार मनात आला तर उशीर झालेला असतो.

## ७. वाळवण

अख्खी कांडी वाळत नाही. आमच्या परड्यात तोडून छपराच्या वाशाला टांगलेली जुडी दोन महिन्यांनी बघितली तर तिला हातभर कोंब आले होते. ती वाळत नव्हती, जगत होती. तिला वाळवायची तर आधी बारीक करावी लागते.

कांड्या धुऊन पाणी निथळू द्या. वरची कागदी साल हातानं चोळून काढा. तीन-चार सेंटिमीटरचे तुकडे करा, आणि जाड तुकडे मधोमध उभे चिरा. उभं चिरणं हेच मुख्य. आडवा तुकडा बाहेरून कडक होतो आणि मधे ओल धरून ठेवतो. ती ओल मग डब्यात बुरशी बनून बाहेर येते.

सावलीत, वारं खेळतं अशा ठिकाणी, बाजेवर किंवा जाळीवर एकेरी थर पसरा. खाली वर्तमानपत्र नको, ओल्या तुकड्यांना शाई लागते. दिवसातून एकदा उलथापालथ करा. रात्री दव पडतं, तेव्हा आत घ्या. आठ-दहा दिवस लागतात.

तपासणी: तुकडा मोडला तर "कट्" असा आवाज आला पाहिजे. वाकला तर ओला आहे. आणखी खात्री हवी तर एक किलो तुकडे वजन करून बाजूला पसरा. सलग दोन दिवस वजन उतरलं नाही तर वाळवण झालं. चार-पाच किलो ओल्या कांडीचे साधारण एक किलो वाळके तुकडे उरतात. तुमचे दोन किलो उरले असतील तर ते वाळलेलेच नाहीत.

काळे-हिरवे डाग आलेले तुकडे "ऊन दाखवून" वापरू नका. टाका.

## ८. सत्त्व

सत्त्व म्हणजे कांडीतलं पिठूळ द्रव्य पाण्यात उतरवून, तळाशी बसवून, वाळवणं. ऐकायला सोपं आहे. हातून बिघडतं ते घाईनं आणि उष्णतेनं.

साहित्य: एक किलो ताजी जाड कांडी, चार लिटर थंड पाणी, उखळ किंवा दगडी खल, दोन स्टीलची पातेली, जुनं धुतलेलं धोतर किंवा मलमलीचं कापड, एक परात. लोखंडी भांडं वापरू नका, रंग काळवंडतो.

१. कांडी धुऊन वरची साल पूर्ण काढा. साल राहिली तर सत्त्व मातकट येतं.

२. दोन-दोन बोटांचे तुकडे करून उखळात कुटा. तंतू सुटे व्हावेत, पीठ होऊ नये. मिक्सरचा मोह टाळा. मिक्सरमध्ये तंतूंचा भुगा होतो, तो फडक्यातून गळून खाली बसतो, आणि तुम्हाला वाटतं की सत्त्व भरपूर निघालं.

३. कुटलेलं चार लिटर थंड पाण्यात रात्रभर भिजवा. गरम पाण्यानं लवकर उतरेल असं वाटतं, पण हे पिठूळ द्रव्य स्टार्च आहे. गरम पाण्यात ते फुगतं, खळ होते, आणि खळ तळाशी बसत नाही. इथं बिघडलं की परत फिरता येत नाही.

४. सकाळी हातानं कुस्करा. पाण्याला फेस येईल, बुळबुळीत लागेल. पंधरा-वीस मिनिटं मन लावून चोळा, सत्त्व या चोळण्यातच सुटतं. नंतर हात साबणानं तीनदा धुतले तरी दुपारची भाकरी कडू लागते, म्हणून हे काम जेवणानंतर काढा.

५. तंतू पिळून बाजूला करा. पाणी कापडातून दोनदा गाळा.

६. पातेलं न हलवता पाच-सहा तास ठेवा. वरचं पाणी हिरवट-तपकिरी, तळाशी पांढुरका थर.

इथं एक सूचना, जी कुठं लिहिलेली नसते: पातेल्यावर चिठ्ठी लावा. पहिल्या खेपेला मी पातेलं ओट्यावर ठेवून कामाला गेलो. आईनं गढूळ पाणी मोरीत ओतलं, तळाचा गाळ घासून काढला आणि पातेलं लख्ख करून पालथं घातलं. दोन दिवसांचं सत्त्व पंचगंगेला मिळालं.

७. वरचं पाणी कडेनं अगदी हळू ओता. थर हलायला लागला की थांबा. पुन्हा लिटरभर स्वच्छ पाणी घालून ढवळा, बसू द्या, ओता. असं एकदाच, फार तर दोनदा. जितकं धुवाल तितकं पांढरं होईल आणि तितकाच कडवटपणाही जाईल. शुभ्र करायच्या नादात लोक पाच-सहा वेळा धुतात आणि शेवटी हातात निव्वळ स्टार्च उरतं.

८. उरलेला ओला थर परातीत पातळ पसरून पंख्याखाली किंवा सावलीत वाळवा. ओलं असताना कडक ऊन किंवा ओव्हन नको, पुन्हा तीच खळ. कोरडं झाल्यावर पापुद्रे आपोआप सुटतात. मग ते चोळून चाळा.

मला एक किलो कांडीतून पंचवीस-तीस ग्रॅम मिळतं. तुम्हाला शंभर ग्रॅम मिळालं असेल तर आनंद मानू नका, ते ओलं आहे किंवा त्यात भुगा आहे.

खबरदारी: भिजवण्यापासून वाळत घालेपर्यंत दीड दिवसाच्या वर जाऊ देऊ नका. मार्चच्या उकाड्यात पाणी आंबतं. आंबूस वास आला तर ते सत्त्व टाकून द्या.

विकतच्या सत्त्वाची परीक्षा म्हणून आयोडीनचा थेंब टाकून बघायला सांगतात. निळं झालं तर खरं, म्हणे. आयोडीन स्टार्चला निळं करतं. अरारूट, बटाटा, मक्याचं पीठ, सगळेच निळे होतात. त्या निळ्या रंगावरून एवढंच कळतं की समोर स्टार्च आहे.

## ९. साठवण

काचेची बरणी, घट्ट झाकण, आत कोरडा चमचा. वाळक्या तुकड्यांत पिठूळपणा असल्यानं किडा लवकर लागतो, म्हणून महिन्यातून एकदा उघडून बघा. बरणीवर वेल कुठली आणि तोडणीचा महिना कोणता ते लिहा. पुढच्या वर्षीची तोडणी झाली की जुना माल काढून टाका. आयुर्वेदात गुळवेल शक्यतो ओलीच वापरायला सांगितली आहे. दारात वेल असेल तर साठा करण्यात फारसा अर्थ नाही.

## १०. तोंडात घालण्याआधी

भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत ग्रंथात, चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम आणि काढ्यासाठी २० ते ३० ग्रॅम दिली आहे. ही वैद्यांसाठीची चौकट आहे. कोरोनाच्या काळात घरोघरी सकाळ-संध्याकाळ मूठभर कांड्या उकळून महिनोन्‌महिने प्यायल्या गेल्या, तसं करू नका. किती आणि किती दिवस, हे वैद्याला विचारा.

मधुमेहाची गोळी चालू असेल तर साखर जास्त उतरू शकते. यकृताचा आजार, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचे आजार, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं, गरोदरपण, अंगावर पाजणं, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय थेंबही नको.

घेत असताना भूक मेली, मळमळ सुरू झाली, अंगाला खाज सुटली, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. जाताना घरातली कांडी आणि वेलीचं एक पान देठासकट पिशवीत घालून न्या.